उत्तरपत्रिका आणि कचेरीतील टिप्पणी
(प्रस्तावना)

“सर, पुस्तक तोंडपाठ होते, प्रश्नही कळला होता, वेळ संपेपर्यंत हात थांबला नाही, मग पन्नास गुण का पडले नाहीत?” संध्याकाळी नवापुरातील माझ्या ओसरीवर येऊन बसणाऱ्या वाणिज्य शाखेच्या मुलामुलींपैकी कित्येकांनी हा प्रश्न मला केला आहे, आणि दर वेळी समोरच्या चेहऱ्यावरील प्रामाणिक खेद पाहून, या मुलांचे कष्ट कोठे कमी पडले असे म्हणण्यास माझे मन धजावले नाही. त्यांनी सरावासाठी लिहिलेली उत्तरे मी मागवून घेत असे, रात्री दिव्यापाशी बसून वाचीत असे, आणि वाचता वाचता जे ध्यानात येत गेले ते समासात टिपून ठेवीत असे. त्या टिपणांचेच हे पुस्तक झाले आहे. आणि पुस्तकात प्रवेश करण्यापूर्वी, ज्या परीक्षेसाठी ते लिहिले तिचे स्वरूप काय, आणि तिला सामोरे जाण्याची जी रीत मी सुचवीत आहे ती मला कोठून सापडली, हे वाचकापुढे सविस्तर मांडणे मला अगत्याचे वाटते.

लंडन येथे १९०४ साली स्थापन झालेल्या आणि आज ए.सी.सी.ए. या आद्याक्षरांनी जगभर ओळखल्या जाणाऱ्या हिशेबनीसांच्या संस्थेने, कारभाराची शुचिता, जोखीम व नीती हा एक आणि व्यवसायाचे विश्लेषण हा दुसरा, असे आपले दोन जुने विषय एकत्र करून, सप्टेंबर २०१८ पासून ‘स्ट्रॅटेजिक बिझनेस लीडर’ या नावाची एकच मोठी प्रश्नपत्रिका सुरू केली. या प्रश्नपत्रिकेत पाठ केलेल्या विषयावर निबंध लिहावयाचा नसतो. एका संस्थेची समग्र हकीकत पत्रे, सभांची इतिवृत्ते, ताळेबंदाचे उतारे, वर्तमानपत्रातील बातम्या, मुलाखती अशा कागदपत्रांच्या रूपाने उमेदवाराच्या हाती दिली जाते. त्याला त्या संस्थेत एखादा हुद्दा दिला जातो. आणि अमक्यास अहवाल द्या, तमक्यास पत्राचा मसुदा करून द्या, संचालक मंडळापुढे मांडावयाची टिपणे तयार करा, अशी कामे सांगितली जातात. सर्व कामे अनिवार्य. निवडीची सोय नाही. शंभरापैकी ऐंशी गुण विषयज्ञानाचे, आणि उरलेले वीस गुण पाच व्यावसायिक गुणांचे: आशय पोचविण्याची हातोटी, व्यापाराची जाण, विश्लेषण, डोळस संशय आणि मूल्यमापन. आरंभी या कामास चार तास मिळत. सप्टेंबर २०२३ पासून वेळ सव्वातीन तासांवर आला, आणि त्याच्या बदल्यात संस्थेची व तिच्या व्यवसायाची पूर्वपीठिका परीक्षेच्या दोन आठवडे आधी उमेदवारास देण्याचा शिरस्ता पडला.

आपल्या देशातील सनदी लेखापालांची संस्थाही याच वाटेने गेली आहे. १ जुलै १९४९ रोजी अस्तित्वात आलेल्या या संस्थेने नव्या अभ्यासक्रमात अंतिम परीक्षेची सहावी प्रश्नपत्रिका अनेक विषयांना एकत्र गुंफणाऱ्या प्रकरणांची ठेवली, पुस्तके जवळ बाळगण्याची मुभा दिली, आणि मे २०२४ मध्ये ती प्रथम घेतली. (आमचा नंदुरबार जिल्हा धुळ्यापासून वेगळा झाला तो दिवसही १ जुलैचाच, साल १९९८, त्यामुळे आमच्या विद्यार्थ्यांना ही तारीख पाठ करावी लागत नाही.) पुस्तक उघडून उत्तर लिहिण्याची परवानगी ऐकून पुष्कळांना हायसे वाटते. परंतु पुस्तक समोर असताना जो उमेदवार अडखळतो त्याची अडचण पुस्तकात नसलेल्या गोष्टीची असते, हे थोडा विचार केल्यास सहज कळून येईल.

ती गोष्ट कोणती, याचा बोध मला स्वतःला फार उशिरा आणि काहीशा लाजिरवाण्या प्रसंगाने झाला. राज्याच्या सहकार खात्यामार्फत घेतली जाणारी जी.डी.सी. अँड ए. ही पदविका परीक्षा, जिच्यात हिशेब, लेखापरीक्षण आणि सहकारी कायदा यांच्या जोडीला सहकाराचा इतिहास, तत्त्वे व व्यवस्थापन हाही विषय असतो, ती उत्तीर्ण होऊन मी सहकारी संस्थांच्या तपासणीचे काम करू लागलो होतो. एका लहानशा पतसंस्थेचे दप्तर तपासून मी चौदा पानांचा अहवाल लिहिला. थकबाकीची वर्गवारी, तारणांचे दाखले, कलमांचे आधार, मागील तीन वर्षांची तुलना, सारे त्यात यथास्थित होते, आणि लेखनाचा मला अभिमान वाटत होता. संस्थेच्या अध्यक्षांनी, जे व्यवसायाने शेतकरी होते, तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत शांतपणे वाचला, चष्मा काढून बाजूला ठेवला आणि म्हणाले, “साहेब, हे सगळं खरं आहे. पण सोमवारी सकाळी कुलूप उघडल्यावर मी काय करू?” मी निरुत्तर झालो. चौदा पानांत त्या गृहस्थांना करण्यासारखी एकही गोष्ट क्रमाने, मुदतीनिशी आणि जबाबदार माणसाच्या नावानिशी लिहिलेली नव्हती. माझे ज्ञान मी त्यांच्यापुढे ओतले होते. त्यांच्या अडचणीला मी स्पर्शही केला नव्हता. आज विद्यार्थ्यांची उत्तरे वाचताना तीच चौदा पाने मला पुन्हा पुन्हा भेटतात.

या पुस्तकाचा सारा भार ज्या एका विचारावर आहे तो असा की, नेतृत्वाच्या प्रश्नपत्रिकेतील उत्तर ही कचेरीतील टिप्पणी आहे, आणि टिप्पणी लिहिण्याची जी शिस्त आपल्याकडील दप्तरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली तीच या परदेशी दिसणाऱ्या परीक्षेची खरी किल्ली आहे. जुन्या मामलेदार कचेरीतील चांगला अव्वल कारकून वरिष्ठांपुढे कागद ठेवी तेव्हा विषय काय हे एका ओळीत सांगे. प्रकरणातील मजकुराचा सारांश देई, पण तेवढाच, जेवढा निर्णयास लागेल. लागू पडणारा नियम दाखवी. विरुद्ध बाजूने काय म्हणता येईल तेही नमूद करी. आणि शेवटी, सबब अमुक करावे अशी तजवीज सुचवून, शेरा मारण्यासाठी समास मोकळा सोडी. साहेबाला नियम पाठ आहेत की नाहीत याची तो चर्चा करीत नसे, आणि आपल्याला किती नियम पाठ आहेत याचे प्रदर्शनही मांडीत नसे. त्याचे लक्ष साहेबाला आज संध्याकाळपर्यंत कोणता हुकूम द्यावयाचा आहे यावर असे. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेले, अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील आज्ञापत्र ज्यांनी चाळले असेल त्यांना हे चटकन पटेल. दुर्ग कसे राखावे, साहुकारास कसे वागवावे, अशा बाबींविषयी बोलताना तो वृद्ध कारभारी सतत राज्य चालविणाऱ्याकडे पाहून बोलतो. वाचणारा कोण, त्याच्या हाती अधिकार किती, आणि वाचून झाल्यावर त्याने करावयाचे काय, हे प्रश्न लेखकाच्या मनात कधी निमाले नाहीत.

म्हणून माझा पहिला आग्रह असा की, कागदपत्रांची हकीकत वाचण्यापूर्वी उमेदवाराने कामांचा मजकूर वाचावा. मी या प्रकरणात कोण आहे? अंतर्गत लेखापरीक्षक, की सल्लागार, की संचालक मंडळाचा कार्यवाह? लिहितो आहे ते कोणासाठी? ज्याला हिशेबाची परिभाषा अवगत आहे अशा वित्ताधिकाऱ्यासाठी, की ज्याला ती अवगत नाही अशा विश्वस्तासाठी? पत्र मागितले आहे, अहवाल मागितला आहे, की सभेत दाखवावयाची पाने? या चार-दोन बाबी निश्चित झाल्या की उत्तराची भाषा, लांबी आणि सूर आपोआप ठरतात, आणि वीस व्यावसायिक गुणांतील पुष्कळसे गुण तेथेच मार्गी लागतात. त्यानंतर क्रियापदाकडे पाहावे. ‘वर्णन करा’ म्हटले असता मत देणे अनाठायी होय. ‘मूल्यमापन करा’ म्हटले असता मत न देणे हा अपराध होय. ‘शिफारस करा’ म्हटले असता अमुक करावे असे एका बाजूस उभे राहून न सांगणारा उमेदवार उत्तराच्या दारापर्यंत जाऊन परत फिरलेला असतो. दोन्ही बाजूंची समतोल यादी देऊन ‘परिस्थितीनुसार निर्णय घ्यावा’ असा शेवट करण्याची जी सवय आपल्याकडील शालेय निबंधांनी लावली आहे, ती या परीक्षेत जितकी महाग पडते तितकी दुसरी कोणतीच नाही.

वेळेचा हिशेब मात्र थोडक्यात सांगता येतो. सव्वातीन तास म्हणजे १९५ मिनिटे. पैकी चाळीस मिनिटे वाचन आणि आराखडा यांस दिली असता १५५ उरतात, आणि ती ऐंशी गुणांवर वाटली असता दर गुणास जेमतेम दोन मिनिटे येतात. म्हणजे बारा गुणांच्या कामास सुमारे तेवीस मिनिटे. तेविसाव्या मिनिटास वाक्य अर्धे राहिले तरी पुढच्या कामाकडे वळावे. पहिल्या कामात मिळविलेला अकरावा गुण शेवटच्या कामातील पहिल्या चार गुणांपेक्षा कितीतरी दुष्प्राप्य असतो, आणि जे उत्तर लिहिलेच गेले नाही त्यास गुण देण्याचा अधिकार कोणत्याही परीक्षकास नाही.

आता ज्या प्रकरणाने या पुस्तकाचा जवळजवळ तिसरा हिस्सा व्यापला आहे त्याकडे येतो. सरावासाठी विद्यार्थ्यांच्या हाती पडणारी प्रकरणे बहुधा दूर देशींच्या विमान कंपन्यांची किंवा मिठाईच्या कारखान्यांची असतात, आणि आमचा विद्यार्थी ती वाचताना मनाने तेथे कधीच पोचत नाही. नवापुरास अशा उसनवारीची गरज नाही. १८ फेब्रुवारी २००६ रोजी भारतात कोंबड्यांमधील बर्ड फ्लू प्रथम निश्चित झाला तो या आमच्या नवापुरात. त्यापूर्वी काही दिवस येथल्या शेडांतून पक्षी मरत होते. ही राणीखेतची साथ असावी असा समज होता, आणि राणीखेत हा कोंबड्या पाळणाऱ्यांच्या परिचयाचा जुना रोग असल्याने तो समज कोणास अस्वाभाविक वाटला नाही. भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेचा निर्णय आला आणि एका दिवसात या गावाचे नाव जगाच्या वर्तमानपत्रांत गेले. तीन किलोमीटरच्या परिघातील पक्षी नष्ट करण्यात आले, मोठ्या शेडांतले आणि आदिवासी घरांच्या परसातलेही. सीमेपलीकडे गुजरातच्या उच्छल तालुक्यातही, जो त्या वेळी सुरत जिल्ह्यात होता, रोग आढळला. मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातून बातम्या आल्या. देशभर अंडी आणि कोंबडीचे भाव कोसळले, परदेशांनी आपली आयात थांबविली. त्या साथीत भारतात माणसाला हा रोग झाल्याचे एकही प्रकरण निष्पन्न झाले नाही, ही त्या दिवसांतील सर्वांत मोठी समाधानाची बाब. पण ज्यांची शेडे रिकामी झाली त्यांचे बँकेचे हप्ते रिकामे झाले नाहीत. पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये हा रोग नवापुरात पुन्हा आला, तेव्हा पंधरा वर्षांपूर्वीचे ते दिवस आठवणारी माणसे अजून धंद्यात होती.

या सत्य पार्श्वभूमीवर मी अभ्यासासाठी एक कल्पित कंपनी उभी केली आहे, आणि तिचे आकडेही कल्पित आहेत. सहा शेडे, प्रत्येकी वीस हजार अंड्यावरच्या कोंबड्या, म्हणजे एक लाख वीस हजार पक्षी. दर पक्षी दिवसाला ११० ग्रॅम खाद्य खातो. म्हणजे रोज १३,२०० किलो खाद्य, आठ रुपये किलोने रोजचा खर्च १,०५,६०० रुपये. हाती रोकड अठरा लाख. तारीख १२ फेब्रुवारी २००६ कल्पिली आहे; दोन शेडांत मरतूक वाढली आहे, पशुवैद्याने राणीखेतची शंका लिहून दिली आहे, सुरतेच्या व्यापाऱ्याने अंड्यांचा ट्रक रोजच्याप्रमाणे मागितला आहे, आणि कागदपत्रांच्या शेवटी एका दलालाची चिठ्ठी आहे की, आजारी शेडातील पक्षी आज रात्रीच निम्म्या किमतीत उचलून सीमेपार नेण्याची त्याची तयारी आहे. उमेदवार कंपनीचा मुख्य हिशेबनीस आहे. अध्यक्षांसाठी उद्या सकाळच्या सभेपूर्वी टिप्पणी लिहावयाची आहे.

हे प्रकरण मी अनेकांकडून सोडवून घेतले. पहिल्या खेपेस येणारे उत्तर बहुधा असे असते: जोखीम म्हणजे काय याची व्याख्या, जोखमीचे प्रकार, जोखीम हस्तांतरित करावी, टाळावी, घटवावी की स्वीकारावी याचा चौरस तक्ता, मायकेल पोर्टर यांनी १९७९ साली मांडलेल्या पाच स्पर्धाशक्तींचा, येथे तिळमात्र संबंध नसताना, परिचय, आणि शेवटी ‘कंपनीने योग्य ती खबरदारी घ्यावी’. यातील एकही वाक्य असत्य नाही, आणि एकही वाक्य नवापूरचे नाही. ते मिठाईच्या कारखान्यालाही तसेच लागू पडेल. परीक्षक ज्या वाक्यास गुण देतो त्याची एक साधी कसोटी मी विद्यार्थ्यांना सांगतो: संस्थेचे नाव खोडून दुसऱ्या संस्थेचे घातले असता वाक्य जसेच्या तसे उभे राहत असेल, तर ते वाक्य उत्तरात घेऊ नये. पोर्टरची चौकट आराखड्याच्या कागदावर, उमेदवाराच्या विचाराला शिडी म्हणून, अवश्य असावी. घर बांधून झाल्यावर शिडी दिवाणखान्यात ठेवीत नाहीत.

चांगले उत्तर कसे सुरू होते ते पाहावे. एका मुलीने, जिच्या मामाकडे कोंबड्यांचे लहानसे शेड आहे, पहिल्याच ओळीत लिहिले: अंडी विकली गेली नाहीत तरी कोंबड्या खायच्या थांबणार नाहीत, आणि आजच्या रोकडीवर आपण सतरा दिवस टिकतो. अठरा लाखांना रोजच्या खाद्यखर्चाने भागले की सतरा येतात. भागाकार पाचवीच्या मुलाचा आहे. परंतु तो भागाकार करण्याचे कोणी सांगितलेले नसताना, दोन वेगवेगळ्या कागदांवर पडलेले दोन आकडे तिने एकत्र आणले आणि त्यांतून अध्यक्षांना उद्या लागणारी मुदत बाहेर काढली. विश्लेषण आणि व्यापाराची जाण हे दोन शब्द शंभर वेळा समजावून सांगितल्याने जे होत नाही ते त्या एका ओळीत झाले होते.

डोळस संशयाविषयीही तसेच. पशुवैद्याने राणीखेत लिहिले आहे, आणि तो पशुवैद्य आहे; मग हिशेबनिसाने संशय घ्यावा कशाच्या बळावर? येथे आमची मुले मागे सरतात, कारण वडीलधाऱ्यांच्या आणि जाणकारांच्या शब्दाला प्रश्न न करण्याचे संस्कार त्यांच्यावर झालेले असतात, आणि त्या संस्कारांना मी वाईट म्हणणार नाही. परंतु प्रकरणातील कागद पुन्हा वाचावे. पशुवैद्याने ‘शंका’ म्हटले आहे, निदान म्हटलेले नाही; नमुना प्रयोगशाळेत गेल्याचा दाखला कोठे नाही; आणि ज्या दोन शेडांत मरतूक वाढली त्यांत राणीखेतची लस वेळेवर टोचल्याची नोंद खाद्याच्या वहीतच पडून आहे. ही नोंद रुजुवातीस घेणे म्हणजे पशुवैद्याचा अनादर नव्हे. नोंद आणि शब्द यांचा मेळ बसत नसेल तर तसे नम्रपणे लिहून, नमुना आजच पाठवावा आणि निर्णय येईपर्यंत त्या शेडांतून अंडे, पक्षी, खत वा माणूस बाहेर जाऊ देऊ नये, अशी तजवीज सुचविणे हे हिशेबनिसाचेच काम आहे. तपासणीत आयुष्य घालविलेल्या माणसाने यापेक्षा अधिक काय सांगावे? आमची सारी विद्या, नोंद एक सांगते आणि तोंड दुसरे, या फटीतच उभी आहे.

दलालाच्या चिठ्ठीवर मात्र विद्यार्थी फार लवकर नीतिपाठ देऊ लागतात. ‘हे अनैतिक आहे, सबब नकार द्यावा’ एवढे लिहून ते पुढे जातात. नकार द्यावा हे खरेच. पण अध्यक्षांच्या ठिकाणी स्वतःला कल्पून पाहिल्याशिवाय या नकाराला वजन येत नाही. अध्यक्षांसमोर सतरा दिवसांची रोकड आहे, खाद्यवाल्याची उधारी आहे, बँकेचा तगादा आहे, शेडांपाशीच राहणारी, त्या मजुरीवर चूल पेटविणारी कुटुंबे आहेत. आणि निम्मी का होईना, किंमत आज रात्री रोख मिळणार आहे. हा मोह खरा आहे असे ज्या उत्तरात मान्य केलेले असते, आणि मग रोग सीमेपार गेला तर शेजारच्या तालुक्यातील परसदारच्या कोंबड्या मरतील, माणसांच्या जिवाला धोका संभवेल, सत्य बाहेर आल्यावर बँक आणि व्यापारी कायमचे पाठ फिरवतील, असे पायरीपायरीने दाखवून, त्या कुटुंबांच्या मजुरीचे काय करावे हेही जेथे सुचविलेले असते, ते उत्तर वाचून अध्यक्षाची मान हलते. नवापूर स्टेशनावर एकच बाक दोन राज्यांत वाटलेला आहे, तिकिटाची खिडकी महाराष्ट्रात आणि स्टेशन मास्तरांची कचेरी गुजरातेत. सीमेपलीकडचे नुकसान ते आपले नव्हे असे म्हणणे येथल्या माणसाला तरी शोभत नाही.

कोंबड्यांच्या प्रकरणाइतके विस्तृत नसले तरी आणखी दोन सराव पुस्तकात आहेत. एक नवापूरच्या तुरीच्या डाळीवर, जिला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे: नावाला मोल आले असता माल वाढवावा, की नाव राखावे, यावर. दुसरा सहकारी साखर कारखान्याच्या कारभारावर. डोकारे येथील आदिवासी सहकारी साखर कारखान्यामुळे हा विषय आमच्या तालुक्यात घरोघरी ठाऊक आहे, पण सरावातील कारखाना सर्वस्वी कल्पित आहे. सहकारी कारखान्यात ऊस घालणारा सभासद हाच मालकही असतो. पुरवठादार म्हणून त्याला उसाला चढा दर हवा असतो आणि मालक म्हणून कारखाना शिलकीत राहावा असे त्यालाच वाटते. एकाच माणसाच्या दोन हितांचा हा झगडा परदेशी पुस्तकांतील भागधारकाच्या विवेचनात बसत नाही, आणि म्हणूनच तो विद्यार्थ्याला स्वतःच्या डोक्याने विचार करावयास लावतो.

भाषेविषयी दोन शब्द लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही, कारण येथे मी मुलांना सर्वांत अधिक हिरमुसलेली पाहिली आहेत. आमचा विद्यार्थी घरी मावची किंवा कोकणी बोलतो, बाजारात गुजराती, शाळेत मराठी शिकतो आणि ही परीक्षा इंग्रजीत देतो. त्याची समजूत अशी होते की, इंग्रजी दुबळी म्हणून गुण गेले. मी तपासलेल्या उत्तरांत इंग्रजीच्या चुकांनी बुडालेली उत्तरे थोडी. भारदस्त इंग्रजी लिहिण्याच्या हव्यासाने बुडालेली पुष्कळ. लांब, वळणदार वाक्ये लिहिण्याचा अधिकार मी या प्रस्तावनेपुरता माझ्याकडे ठेवला आहे, कारण माझ्या वाचकाला सवड आहे. परीक्षकाला आणि अध्यक्षाला ती नाही. आराखडा ज्या भाषेत आपण भांडतो आणि हिशेब करतो त्या भाषेत मांडावा, मावचीत सुचले तर मावचीत. आणि उत्तर लिहिताना एका वाक्यात एकच गोष्ट सांगणारी साधी वाक्ये लिहावीत. मुद्दा, प्रकरणातील पुरावा, त्याचा या संस्थेवर होणारा परिणाम. एवढे तीन वाक्यांत आले की तो परिच्छेद पुरा झाला. बारा गुणांच्या कामाला असे सहा-सात भरीव परिच्छेद पुरतात.

येथवर मी सांगितले ते परीक्षेचे तंत्रच, पण तंत्र हा शब्द आपल्याकडे किंचित बदनाम झाला आहे. परीक्षेचे तंत्र म्हटले की अपेक्षित प्रश्न, ठोकळेबाज उत्तरे आणि परीक्षकाला चकविण्याच्या युक्त्या असा अर्थ घेतला जातो, आणि अशा पुस्तकांनी मुलांचे किती नुकसान केले आहे ते मी जवळून पाहिले आहे. ठोकळेबाज उत्तराने ही परीक्षा उत्तीर्ण होता येत नाही हा तिचा मला वाटणारा मोठा गुण होय. गवयाला ताल सांभाळण्याचे, सुताराला धार लावण्याचे जसे तंत्र असते, तशा अर्थाने मी तो शब्द वापरला आहे. आणि उमेदवार उत्तीर्ण झाल्यानंतर एखाद्या दूध संघाच्या, बँकेच्या वा कारखान्याच्या टेबलाशी बसला तरी त्याला जी रीत टाकून द्यावी लागणार नाही, तेवढीच या पुस्तकात घेतली आहे.

पुस्तक वापरण्याची पद्धत अशी. आधी प्रकरणाची पूर्वपीठिका वाचावी, आणि दोन आठवडे ती मनात घोळू द्यावी; या काळात पाठांतर करू नये, तर या धंद्यात पैसा कोठून येतो, कोठे जातो आणि कशाने थांबतो याची माहिती काढावी, शक्य असल्यास प्रत्यक्ष शेडावर किंवा दुकानात जाऊन. मग एके दिवशी, खऱ्या परीक्षेच्याच वेळी, घड्याळ समोर ठेवून १९५ मिनिटे उठू नये. उत्तर झाल्यावर नमुना-उत्तराकडे लगेच धावू नये. ते उत्तर प्रथम अशा एखाद्या माणसाला वाचून दाखवावे ज्याने ही परीक्षा दिलेली नाही, पण धंदा केला आहे. आमच्या गावात असा माणूस शोधावयास दूर जावे लागत नाही. इंग्रजीतले उत्तर त्याला मराठीत, गुजरातीत, जमेल तसे सांगावे. तो कोठे थांबवतो, कोठे “म्हणजे?” असे विचारतो, ते समासात टिपावे, आणि तेवढे भाग पुन्हा लिहावे. नमुना-उत्तरे मी मुद्दाम शेवटच्या पानांत, स्वतंत्र बांधून दिली आहेत. कोंबड्यांच्या प्रकरणाचे उत्तर त्यांत सर्वांत शेवटी आहे, आणि त्याची पहिली ओळ त्या मुलीची आहे.

नवापूर